नळीतलं पाणी आणि मधला धुरा

कृषी सहाय्यक नेमकं काय करतात, हे माझ्या सासूबाईंना शेवटपर्यंत कळलं नाही. कुणी विचारलं की त्या सांगायच्या, "आमची सून शेतकऱ्यांना शेती शिकवते," आणि मग स्वतःच हसायच्या. त्यांचंही बरोबर होतं. ज्या माणसाने चाळीस पावसाळे जमिनीवर काढले, त्याला मी काय शिकवणार? खरं तर मीच शिकत होते, आणि वर सरकार मला त्याचा पगार देत होतं. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले, आता बीडला घरी बसून कुंडीतल्या मिरच्यांना सल्ले देते. या अंकासाठी नोकरीबद्दल काही लिहा, असं संपादकांनी म्हटल्यावर प्रथम वाटलं, लिहायचं काय? योजना आल्या, योजना गेल्या, फॉर्म तेवढे राहिले. पण एक गोष्ट अशी आहे की ती सांगितली नाही तर मी अर्धं खोटं बोलल्यासारखं होईल. त्यात माझी एक मोठी चूक आहे, आणि माझ्यावरचे उपकारही त्यातच आहेत.

माझं माहेर चकलांब्याचं. तिकडे रान सपाट, माती काळी आणि खोल. लहानपणी आम्हाला उतार म्हणजे काय ते फक्त गावच्या पारावरून खाली उतरताना कळायचं. असल्या मुलीला खात्याने पाटोदा तालुका दिला. इथे बालाघाटाचे डोंगर. एकाच शेतात वर माळ, मधे मुरमाड, आणि खाली ओढ्याच्या अंगाला चार बोटं काळी. पाऊस पडला की वरची माती खाली आणि खालची माती ओढ्यात. माझ्या कामाचा मोठा भाग म्हणजे ही निघालेली माती अडवणं. माती थांबली की पाणी थांबतं, आणि पाणी थांबलं की भाकरी थांबते. यापलीकडे त्या विषयात फार काही नाही, पण त्यावर तीन-तीन दिवसांची प्रशिक्षणं होतात.

बाकी गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. एक म्हातारबाबा दर बाजाराच्या दिवशी कार्यालयात येऊन विचारायचे, "पाऊस कधी हाय?" मी सांगायची, बाबा, ते खातं वेगळं. ते म्हणायचे, "मंग तुमचं खातं कशाचं हाय?" मी चहा सांगायची. तो पिऊन ते जायचे आणि पुढच्या बाजाराला पुन्हा यायचे.

उतार कसा मोजतात ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. दोन काठ्या घ्यायच्या, त्यांना एक लांब पारदर्शक नळी बांधायची आणि नळीत पाणी भरायचं. एक माणूस एक काठी धरून उभा, दुसरा दुसरी काठी घेऊन पुढे सरकतो. दोन्हीकडचं पाणी एका खुणेवर आलं की समजायचं, या दोन जागा एका पातळीवर आहेत. तिथे चुन्याची फक्की टाकायची. असं करत गेलं की शेतात एक पांढरी रेघ उमटते. ती कधी सरळ नसते. वळत, वाकत जाते. त्या रेघेवर बांध घातला आणि त्याच रेघेने आडवी पेरणी केली, तर प्रत्येक तास, म्हणजे पेरणीची ओळ, हा छोटा बांधच होतो आणि पाणी जागच्या जागी मुरतं. पहिल्यांदा ही रेघ बघून एकजण म्हणाला होता, "म्याडम, तुमी बांध घालायलात का साप काढायलात?"

आता गोष्टीतली माणसं. पाटोद्याच्या वरच्या अंगाला एक वाडी. तिथे महादेव आणि भागवत हे दोघे सख्खे भाऊ. थोरला महादेव, त्याची बायको सोजरबाई. धाकटा भागवत, त्याची मीरा. चौघेही ऊसतोडीला जाणारे. बाहेरच्यांसाठी सांगते, तोडीत नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. दसरा झाला की हे दोन कोयते ट्रकात बसून कारखान्याला, ते थेट उन्हाळ्यात परत. गंमत अशी की कारखान्यावर दोघा भावांच्या कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या, शेजारी-शेजारी, मोळ्या एकमेकांच्या डोक्यावर देणार, आणि गावी आले की मधल्या धुऱ्यावरून तोंड पाहणार नाहीत. धुरा म्हणजे दोघांच्या शेतांमधला बांध. पेरणीला याने नांगर लावला की धुरा वीतभर तिकडे सरके, त्याने लावला की इकडे.

त्यांची वाटणी बापाने केली होती, आणि अगदी न्यायाने केली होती. वरचा माळ एकाला आणि खालची काळी दुसऱ्याला असं केलं तर अन्याय, म्हणून त्याने शेत वरपासून खालपर्यंत उभं चिरलं. दोघांनाही थोडा माळ, थोडा मुरूम, थोडी काळी. आमच्या डोंगरी भागात सगळेच बाप अशी वाटणी करतात. पण याने झालं काय, तर प्रत्येकाच्या वाट्याला उताराने खाली जाणारी एक लांबलचक पट्टी आली, जेमतेम पस्तीस पावलं रुंद. एवढ्या रुंदीत आडवी पेरणी करायची म्हणजे दर पस्तीस पावलांवर वळण. ट्रॅक्टरवाला म्हणतो, वळण्यातच डिझेल जातंय, मी येत नाही. म्हणून सगळे उभी पेरणी करतात, वरून खाली. तशी पेरणी म्हणजे पावसाला आपणच वाट काढून देणं. बापाने पोरांना सारखं दिलं आणि पावसाने दोघांचं सारखंच नेलं.

माझ्याकडे तेव्हा बांधबंदिस्तीचं काम होतं. हे काम पावसाळ्याआधी, रान रिकामं असताना करतात, आणि रान रिकामं असताना माणसं तोडीला गेलेली असतात. भागवतने जाण्याआधी संमतीच्या कागदावर सही केली होती. महादेवने केली नव्हती. मी त्याला फोन लावला, तर मागे ट्रॅक्टरचा आवाज आणि तो ओरडून म्हणाला, "म्याडम, मी आल्यावर बघू." मार्च तोंडावर आला होता आणि काम संपवा म्हणून वरून रोज निरोप. मी भागवतच्या पट्टीत नळी लावली. रेघ धुऱ्यापर्यंत आली. नळीतलं पाणी स्पष्ट सांगत होतं की ही रेघ इथे संपत नाही, ती महादेवच्या पट्टीत पुढे जाते. पण माझ्या हातात एकाचीच सही होती. मी रेघ धुऱ्यावर थांबवली आणि बांध तिथेच संपवायला लावला. माझ्या माहेरी शेत संपलं की काम संपायचं. जणू पाणीही सही बघून थांबणार होतं.

त्या वर्षी पाऊस वेळेवर आला, पेरण्या झाल्या आणि मग जवळजवळ महिनाभर गायब. बाजरी दुपारी माना टाकायची. माझ्या नोकरीच्या सुरुवातीला पाऊस आठ-आठ दिवस रिमझिमायचा. आता तेवढाच पाऊस एका दुपारी पडून मोकळा होतो. तशीच एक दुपार आली. भागवतच्या बांधामागे पाणी तुंबलं, भरलं आणि जिथे बांध संपत होता तिथून वळसा घालून धुरा फोडून महादेवच्या शेतात घुसलं. तिथे उभ्या पेरणीचे तास तयारच होते. दुसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा महादेवच्या पट्टीत वरपासून खालपर्यंत गुडघाभर खोल घळ पडली होती, आणि त्याच्या वाट्याची चार बोटं काळी ओढ्याच्या वाळूवर पसरली होती.

पंचनाम्यात 'अतिवृष्टी' लिहिलं. खोटं नव्हतं, पाऊस पडलाच होता. पण मला ठाऊक होतं.

महादेवला मात्र यात पावसाचा दोष दिसत नव्हता. भागवतने मुद्दाम बांध असा घातला की पाणी माझ्या रानात यावं, असं तो गावभर सांगू लागला. मोजणीचा अर्ज, कोर्टाची भाषा सुरू झाली. आपलेच दात आणि आपलेच ओठ, पण चावायला दोघेही तयार. यंदा एका टोळीत जायचं नाही असंही ठरलं.

आणि एका बाजाराच्या दिवशी सोजरबाई पाटोद्याला कार्यालयात आली. खुर्चीवर बस म्हटलं तर बसली नाही, दारातच टेकली. उंच, वाळकी बाई, गुडघे दोन्ही हातांनी धरून बसायची.

"म्याडम, ह्ये दोघं आता कोर्टात जायालेत," ती म्हणाली. "जाऊ द्या, गडीमाणसं हायेत. माझं दुसरंच हाय. मी लगीन होऊन आले तव्हापास्नं दरसाल खालच्या काळीत ज्वारी पेरते आन दसऱ्याला निघून जाते. ती शेजारचे काढतेत, वाट्यानं. उन्हाळ्यात येऊन बघावं तर पोती आन कडबा. मी माझी ज्वारी उभी कदी बघितलीच न्हाई. एका साली मी मागं राहावं, येवढंच मनात हाय. दोघा भावांचं रान चांगलं पिकलं, खायापुरतं झालं, तर एक कोयता घरी राहील. पर आता काळीच वाहून गेली. खरं सांगा, पाणी कुणी वळवलं?"

मी काय केलं असेल? मी म्हणाले, "बघते मी." पस्तीस वर्षांच्या नोकरीत मी इतक्या घाबरटपणे कधी वागले नव्हते. खरं सांगितलं तर चौकशी, खुलासा, माझ्या नावाने कागद. ती उठली, पदर सावरला आणि गेली. आठ दिवस मला जेवण गोड लागलं नाही. घरात कुणी काही विचारलं की अंगावर धावून जायची. शेवटी मुलगा म्हणाला, आई, तू कुणावर चिडलीस ते एकदा ठरव.

रविवारी सकाळी स्कूटी काढली आणि सरळ वाडीला गेले. महादेव घळीच्या कडेला दगड रचत होता. भागवत धुऱ्याच्या पलीकडे खुरपत होता, पाठ इकडे करून. मी भागवतला हाक मारून बोलावलं. त्याच्या मागे मीरा आली, महादेवच्या मागे सोजरबाई.

"पाणी कुणीच वळवलं नाही," मी म्हणाले. "बांध धुऱ्यावर थांबवायला नको होता. मला तेव्हाच दिसलं होतं की तो पुढे न्यायला पाहिजे. सही नव्हती, घाई होती, म्हणून मी थांबवला. चूक माझी आहे. तुमची माती माझ्यामुळे गेली."

मग महादेव म्हणाला, "इतकी वर्सं शेती करायलो, पर सरकारी माणूस चुकलं म्हणलेलं पहिल्यांदा ऐकलं." आणि भावाकडे न बघता, "ऐकलं का बे?"

"ऐकलं," भागवत म्हणाला. मग मला म्हणाला, "म्याडम, ह्ये कुठं लिहून नका देऊ. तुमचीच नोकरी जाईल."

ज्या माणसाला माझ्यामुळे गावभर शिव्या बसल्या, तो माझ्या नोकरीची काळजी करत होता. मला रडू आलं आणि ते लपवता आलं नाही.

सोजरबाईला मात्र रडायला वेळ नव्हता. ती दोघांकडे बघून म्हणाली, "त्या परक्या असून उन्हातान्हात येऊन चुकलं म्हणल्या. तुमी एका आईचं दूध पिलेले. तुमच्या जिभंला काय गाठ पडली काय?"

भाऊ गळ्यात पडले वगैरे काही झालं नाही. महादेव पुन्हा दगड रचायला लागला. थोड्या वेळाने भागवतने पलीकडचा एक मोठा धोंडा उचलून आणून घळीत टाकला आणि गेला. दुसऱ्या दिवशी दोन आणले. पुढचा आठवडाभर चौघे मिळून ओढ्यातली काळी टोपल्यांनी वर आणत होते. जेवढी सापडली तेवढी. गेलेली सगळी माती परत आली नाही, ती येत नसतेच. या गोष्टीची खंत मला आजही आहे.

पुढच्या उन्हाळ्यात चौघे तोडीवरून आल्यावर रेघ पुन्हा काढायची ठरली तेव्हा मी म्हणाले, माझ्या हाताने नको. एक काठी सोजरबाईने धरली, दुसरी मीराने. मी फक्त मधे उभी. दोघी जावा हसत, एकमेकींना "खाली घे, वर घे" करत शेतभर फिरल्या. रेघ या पट्टीतून निघाली, धुरा ओलांडून त्या पट्टीत गेली. असल्या चार रेघा झाल्या आणि त्यांवर बांध घातले. मग खरा प्रश्न आला. पेरणी या रेघेने आडवी करायची तर दोन्ही पट्ट्या एक धरूनच करायला पाहिजेत. तेव्हा रुंदी सत्तर पावलं होते आणि ट्रॅक्टरवाला कुरकुर न करता येतो. पण मधला धुरा?

महादेव अडून बसला. "धुरा मोडला की उद्या वाटणी कशी कळायची? आन पीक कुणाचं किती?"

मी म्हणाले, हद्दीचे दगड वर आणि खाली तसेच राहू द्या. मधला धुरा तेवढा पेरणीपुरता सपाट करा. प्रत्येक तास निम्मा तुमच्या रानात आहे, निम्मा त्यांच्या. मग वाटणी करायला राहिलंच काय? ज्याच्या त्याच्या वाट्याला निम्मं आपोआप येतं. महादेवने दोन दिवस घेतले. तिसऱ्या दिवशी भागवतने फोन केला, "दादा हो म्हणलाय. पर त्यानं सांगितलंय, म्याडमनं पेरणीला हजर राहावं." मी हजर राहिले. पुढच्या वर्षीही राहिले. वरच्या भागात बाजरी, तुरीचे तास, मधे हुलगा आणि मटकी, खाली उडीद काढून ज्वारी. हे मी शिकवलेलं नव्हतं. मटकी आणि हुलगा कुठे टाकायचा हे सोजरबाईने ठरवलं. मी आणलेली सोयाबीनची पिशवी तिने परत दिली, म्हणाली, "ह्यानं पैसा येतो, भाकरी येत न्हाई." पूर्वीची मी असते तर वाद घातला असता.

चमत्कार झाला असं कुणी समजू नये. त्या पहिल्या साली पाऊस पुन्हा मधेच रुसला. वरच्या माळावरची बाजरी त्यांचीही करपली, सगळ्यांचीच करपली. पण मधल्या भागात तासातासांत ओल धरून राहिली. तिथली बाजरी उभी राहिली, तुरीने तग धरला, हुलगा तर कसल्याही वर्षी येतोच. परतीचा पाऊस एका रात्रीत कोसळला तेव्हा मी पहाटेच गाडी काढली. चारही बांधांमागे पाणी शांत उभं होतं. घळीच्या जागी दगडांतून स्वच्छ पाणी झिरपत होतं, गढूळ नव्हे. नोकरीत पुरस्कार वगैरे मिळाले नाहीत, पण ते स्वच्छ पाणी बघून मला जे वाटलं ते कुणाला व्यासपीठावर मिळत असेल असं वाटत नाही.

दोन्ही घरांना वर्षभर पुरेल एवढं खाणं होणार, हे दसऱ्याआधीच दिसत होतं. टोळी नेणाऱ्या मुकादमाला एकच कोयता सांगितला. कोण राहणार यावर महादेव काही बोलायच्या आत मीरा म्हणाली, "आक्का राहतील. माझे गुडघे आजून चांगले हायेत." दसऱ्यानंतर ट्रक आला तेव्हा सोजरबाई पहिल्यांदाच महादेवसोबत रस्त्यावर उभी राहून दुसऱ्यांना निरोप देत होती. दोन्ही घरची पोरं तिच्याजवळ राहिली, शाळा तुटली नाही.

आजूबाजूच्या किती शेतांत असं झालं म्हणाल, तर फार नाही. काही ठिकाणी भाऊ तयार झाले, काही ठिकाणी मी हात टेकले. वाटणीचा न्याय माणसाला इतका प्यारा असतो की त्यापायी तो माती जाऊ देतो. त्यांना तरी कसं नावं ठेवू, मीही सहीपायी तेच केलं होतं. पण ज्या चार लोकांनी माझी चूक पोटात घातली आणि वर मला माझंच काम नीट शिकवलं, त्यांची मी जन्माची ऋणी आहे.

जानेवारी संपता संपता सोजरबाईचा निरोप आला, येऊन जा. मी गेले तर महादेव बाजाराला गेलेला, घरी नुसती पोरं. पोरांनी खाली ज्वारीकडे बोट दाखवलं. पिकात शिरले तर ती मधोमध बसलेली, गुडघे धरून, पाखरं हाकायची गोफण बाजूला पडलेली. ज्वारी डोक्याच्याही वर गेलेली. मी बोलायला लागले तर तिने हात वर केला.

"थांबा. ऐका."

वारा सुटला होता. पाती एकमेकांवर घासून सळसळ करत होती, शेताच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"इतकी वर्सं पेरली," ती म्हणाली, "पर ही आशी वाजती, ह्ये मला ठावंच नव्हतं, म्याडम."

मग तिने कनवटीचा मोबाइल काढला, मीराला लावला. पलीकडे उसाच्या फडातली गडबड ऐकू येत होती, कोयत्याचे खटाखट घाव.

"मीरे, बोलू नको. ह्ये ऐक," एवढंच म्हणून सोजरबाई उठली आणि तिने मोबाइल दोन्ही हातांनी उंच, कणसांच्या पातळीला धरला. थोड्या वेळाने पलीकडचा कोयता थांबला. आम्ही दोघी तशाच उभ्या. तिचा हात अवघडला असावा म्हणून मी मोबाइल माझ्याकडे घ्यायला गेले, तेवढ्यात त्यातून मीराचा आवाज आला.

"खाली घेऊ नका, आक्का. आजून जरा धरा."